स्वालेहचे चाळीस दिवस

शनिवार, १ जुलै

ओमारीमामांनी आज मला एक वही दिली आणि एक माणूस दिला. माणूस परवा तुरुंगातून सुटतोय, वही आजपासून सुरू. "झोपला किती, जेवला काय, चिडला कधी, रडला का, घरून निरोप कोणता आला, घरी कोणता गेला. एवढंच लिहायचं," मामा म्हणाले. "स्वतःची अक्कल त्यात लिहू नकोस. तुझी अक्कल फार गरम असते."

म्हणून ही दुसरी वही. ही मामांना दाखवायची नाही.

माणसाचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. "स्वालेह. तुमच्याच किबोकोनीतला. गल्लीतल्या माणसाचं गल्लीतला माणूस ऐकतो."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं, हे जिना उतरतानाच कळलं. स्वालेह म्हणजे तिमाचा नवरा. आणि तिमा म्हणजे काय, ते मामांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात नैरोबीत, ऐन परीक्षेच्या हॉलमध्ये आईचा मेसेज आला. स्वालेहला बोटीचं इंजिन चोरताना धरलं, वर्षभर तरी आत जाईल. मी अर्धा पेपर टाकून उठलो आणि मिळेल त्या बसनं मोंबासाला आलो. परत गेलोच नाही. बाबा अजून विचारतात, "अरे, निदान पेपर कोणता होता?" मला आठवत नाही.

तिला धीर द्यायला आलो होतो. चौदा महिन्यांत तिच्या दारावरून शेकडो वेळा गेलो, एकदाही कडी वाजवली नाही. वर्गात भांडण झालं तेव्हा सरांच्या टेबलावर खुर्ची आपटणारा मी, आणि एक कडी वाजवता येऊ नये!

रविवार, २ जुलै

नियम लिहून ठेवतो, कारण डोकं फिरलं की मला नियम आठवत नाहीत.

बाळंतीण चाळीस दिवस उंबरठा ओलांडत नाही, तसा तुरुंगातून सुटलेला गर्दुल्लाही खाडीपलीकडच्या मामांच्या घराचा उंबरठा चाळीस दिवस ओलांडत नाही. तुरुंगाच्या फाटकावर जो त्याचा हात पहिल्यांदा धरेल तो त्याचा भाऊ. भावानं त्याच्याच ताटात जेवायचं, त्याच्याच शेजारी झोपायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. बायकोची भेट नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठी माणूस शंभरदा वाचतो आणि शंभराव्यांदा तिच्यातून नको तो अर्थ काढतो. बायकोचा डबा आणि निरोप भावानं आणायचा, तोंडी. चाळिसाव्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या आत बायकोनं आपण होऊन दाराशी यायचं आणि हात धरून न्यायचं. तिला आठवण करायची नाही, बोलावणं धाडायचं नाही. मामा म्हणतात, बोलावून आणलेली बायको आम्ही मोजत नाही. आली नाही, तर त्या माणसाला अजून घर नाही, पुन्हा चाळीस दिवस.

मामांनी स्वतः अकरा वर्षांपूर्वी गर्द सोडली. त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं, ते दोन चाळिशा राहिले. म्हणून हा नियम त्यांच्यापुढे कुणी हलवू शकत नाही.

सोमवार, ३ जुलै. पहिला दिवस

मी सहालाच फाटकावर पोचलो, तरी दोघे माझ्या आधी हजर. एकाच्या मुठीत कागदाची पुडी. सुटलेल्याला पहिली पुडी फुकट देतात, आहेर म्हणून. मी त्याला सरळ विचारलं, "कुणाची वाट बघतोयस?" तो म्हणाला, "तुझ्या बापाची." पुढचं नीट आठवत नाही. पोलिसानं मला मागून धरलं तेव्हा त्याचं नाक फुटलं होतं आणि माझ्या उजव्या हाताची सालपटं निघाली होती. पुडी मातीत सांडली, त्यावर मी पाय घासला.

स्वालेह नऊला बाहेर आला. अर्धा राहिलाय. हातात प्लास्टिकची पिशवी. मी हात धरला, तर माझ्याकडे बघून हसला. "शेकू! आज कॉलेज लवकर सुटलं?"

मग आजूबाजूला बघून हळूच, "तिमा आली नाही ना? बरं झालं. ह्या अवतारात नको."

मामा आम्हाला न्यायला आले होते. रस्त्यात त्याला म्हणाले, "चौदा महिने कोरडा आहेस. अंगाची सवय गेलीय. आता जुनं माप घेतलंस तर दुसऱ्या पुडीची गरज लागणार नाही, छाती तिथेच बंद पडते. हे मी पाच कबरींवर उभा राहून शिकलोय." मग माझ्याकडे वळून, "तूही ऐक, मुष्टियोद्ध्या."

मी ऐकलं.

मंगळवार, ४ जुलै

चार वाजता फेरीच्या धक्क्यावर गेलो. बोट लागली, माणसांचा लोंढा चढावावरून वर आला, आणि त्यात ती. अंगभर काळा बुरखा, बुईबुई, हातात टोपली. बी सलामा, तिची सासू, तिला नुसतं "डबा पोचव" म्हणते म्हणे, मुलाचं नावही घेत नाही. तिमा मात्र श्वास न घेता विचारत होती. झोपला का? खोकतोय का? दाढी काढली का? कुशीवर झोपतो की पाठीवर?

"कुशीवर," मी म्हणालो.

"कुठल्या?"

मला माहीत नव्हतं. उद्या बघून सांगेन म्हणालो. मग तिला माझा हात दिसला. तिनं आत गुंडाळलेल्या छापील कापडाचं, लेसोचं टोक पाण्यात भिजवून जखम पुसली, सगळ्या धक्क्यासमोर. "धाकट्या भावानं असं मारामाऱ्या करत हिंडायचं नसतं," म्हणाली.

चारचौघांत असंच म्हणावं लागतं.

निरोप: मागच्या खोलीला चुना दिलाय, खिडकी आता उघडते. मी तसाच सांगितला. स्वालेह चपातीचा तुकडा हातात धरून बसला आणि रडला. मामांच्या वहीत लिहिलं: रडला.

रविवार, ९ जुलै

घरात अकरा जण आहेत, त्यात कोम्बो एकटाच बोलतो. पेम्बा बेटावरचा म्हातारा, पाचवी चाळिशी चालू आहे. त्याला न्यायला येणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो इथेच स्वयंपाक करतो. नवीन माणसाला तो बाळंतीण म्हणतो आणि भावाला सुईण.

आज मी धक्क्यावर निघताना केस पाण्यानं बसवत होतो. कोम्बो चुलीजवळून ओरडला, "सुईणबाई, अत्तर राहिलं!"

"गप रे."

"नाही, मी आपलं विचारतो. बाळंतीण आत झोपलीय आणि कळा कुणाला येतायत?"

सगळे हसले. स्वालेहपण हसला, त्याला काही कळलं नाही. मी हातातला तांब्या भिंतीवर फेकला. तांब्याला पोचा आला. मामांनी मला तो ठोकून सरळ करायला बसवलं, अर्धा तास. धक्क्यावर पोचलो तेव्हा तिमा उन्हात उभी होती. मला वाटलं रागावेल. तर तिचा चेहरा कसा उजळला! मला लांबूनच बघून धावत आली. "काय झालं? तो बरा आहे ना?" म्हणाली.

ती माझ्यासाठी धावली. हे मी पुन्हा लिहितो. ती धावली.

शुक्रवार, १४ जुलै. बारावा दिवस

स्वालेह वाईट माणूस नाही, हीच अडचण आहे. ताटातला मासा मोडतो तेव्हा पोटाकडचा तुकडा न बघता माझ्या बाजूला सरकवतो. तुरुंगात टोप्या भरायला शिकलाय. दिवसभर पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं बारीक भोकं पाडत आणि शिवत बसतो. सुई बोटात जाते, तो बोट चोखतो आणि पुढचं भोक पाडतो.

आज तिमाचा निरोप लांब होता. "त्याला सांग, इंजिनाचा मला राग नाही. आईच्या बांगड्या विकल्या त्याचाही नाही. होता, आता नाही. नीट सांगशील ना? 'होता' हे पण सांग, नाहीतर त्याला खोटं वाटेल."

बोलताना तिचे डोळे भरले होते. बोट सुटेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो, आणि परत येताना सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच होतं, की हे डोळे त्याच्यासाठी का?

स्वालेहनं विचारलं, "काय म्हणाली?"

"डबा गरम आहे तोवर खा म्हणाली."

ती तेही म्हणाली होती. मी खोटं बोललो नाही. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आणि इतक्या लवकर सगळी माफी मिळाली तर माणूस सैल पडतो, असं मामाही म्हणतात. (मामा हे दुसऱ्या कशाबद्दल म्हणाले होते, पण लागू पडतं.) मामांच्या वहीत लिहिलं: निरोप दिला.

मंगळवार, १८ जुलै

डाव्या कुशीवर झोपतो. आज एकदाचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "हं. पूर्वीही डाव्याच," आणि उरलेली दहा मिनिटं काहीच बोलली नाही. मी काय काय ठरवून गेलो होतो!

मंगळवार, २५ जुलै. तेविसावा दिवस

स्वालेह जेवण टाकायला लागलाय. काल मामांनी मला बाजूला घेतलं. "घरून काय येतंय?"

"डबा येतो. निरोप येतो."

"गोड येतात?"

"बरे असतात."

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी घाबरतात. तिला म्हणावं दोन शब्द जास्त बोल. फुकट असतात."

आज भर दुपारी स्वालेहनं मला तिच्यासाठी निरोप दिला. टोपी बाजूला ठेवून, हात मांडीवर ठेवून, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसा. "तिला सांग, मला भीती वाटते. आतमध्ये वाटत नव्हती, बाहेर वाटते. चाळिसाव्या दिवशी तिनं माझ्याशी बोललं नाही, माझ्याकडे बघितलं नाही, तरी चालेल. फक्त यायचं. दारापर्यंत यायचं."

धक्क्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"बरा आहे म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं टोपली खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. घट्ट. "शेकू, तू माझ्याशी खरं बोलतोस ना? मला दुसरं कुणी नाही. तुझ्याच तोंडून मला सगळं कळतं."

मला दुसरं कुणी नाही! हे शब्द तिचेच. मी एक अक्षर जोडलेलं नाही.

शनिवार, ५ ऑगस्ट. चौतिसावा दिवस

टोपी पुरी झाली. मला वाटत होतं, तो ती घालून घरी जाणार. आज जेवल्यावर त्यानं ती माझ्या डोक्यावर ठेवली. बरोबर बसली. एवढे दिवस मी झोपल्यावर दोऱ्यानं माझ्या डोक्याचं माप घेत होता म्हणे.

"तुझं डोकं लहान आहे रे," म्हणाला. "आत एवढा राग मावतो कुठे?"

कोम्बो म्हणाला, "मुलगा झाला, मुलगा! सुईणीला टोपी मिळाली!"

मी टोपी काढून बिछान्याखाली ठेवली. माझ्यावर कुणी असे उपकार केले की मला त्याला मारावंसं वाटतं. का, ते माहीत नाही. आज ठरवलं होतं की सगळे राहिलेले निरोप एकदम सांगून टाकायचे. नऊ आहेत. मी मोजले. पहिला सांगायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "तिमाला पण एक टोपी आवडली असती बघ, आम्हाला मुलगा झाला असता तर." आणि मी तोंड मिटलं.

मंगळवार, ८ ऑगस्ट

आज मी बोललो. सगळं नाही, पण बोललो.

"तिमा, समज तो सुधारलाच नाही, तर?"

"तर पुन्हा चाळीस."

"आणि मग?"

"मग पुन्हा चाळीस." ती हसायला लागली. "गणितात कच्चा होतास म्हणून कॉलेज सोडलंस का रे?"

"मी कॉलेज कशासाठी सोडलं तुला माहीत नाही."

"माहीत आहे. आळशी आहेस म्हणून. तुझी आई सांगते सगळ्या गल्लीला." टोपली माझ्या हातात देताना माझ्या टाळूवर टपली मारली. मी सहा वर्षांचा असताना मारायची तशी. "शुक्रवारी मी नवा लेसो घेणारे. त्याला सांगू नकोस. आणि हे बघ, तो घरी आला की तू रोज जेवायला यायचं. तू नसतास तर माझा भाऊ ह्या चाळीस दिवसांत मी कुठून आणला असता?"

मागे वळून हात केला तिनं बोटीवरून. मी केला नाही.

भाऊ. इथे आजूबाजूला कुणी ऐकत नव्हतं. मग कुणासाठी म्हणाली?

गुरुवार, १० ऑगस्ट. एकोणचाळिसावा दिवस

आधीच लिहितो की मी शांत होतो. डोकं फिरलं नव्हतं.

तिला सांगितलं, "उद्या नको. रविवारी ये."

"रविवारी? चाळिसावा तर उद्या आहे."

"त्यानंच मागितले दोन दिवस. मामांनी दिले."

"त्यानं मागितले?"

"हो."

आजवर तिच्याशी मी शब्द गिळले होते, बनवला एकही नव्हता. हा पहिला. तोंडातून सहज निघाला. टोपलीवरचं फडकं तिनं काढलं, पुन्हा घातलं, कडा नीट केल्या. "मला भेटायची इच्छा नाही का त्याला?"

"मला काय माहीत. तो फार बोलत नाही."

"बरं," म्हणाली. "रविवारी." मग बोटीकडे जाता जाता परत आली. "त्याला म्हणावं, दोन दिवस काय, दोन महिने घे. मी आहे."

हा दहावा.

मला फक्त एवढंच हवं होतं, की तिनं एकदा, एकदाच, न येऊन दाखवावं. तो पुन्हा चाळीस दिवस इथे राहील, मरत नाही कुणी त्यानं. मी पुन्हा चाळीस दिवस चार वाजता धक्क्यावर जाईन. माणूस एवढं मागू शकतो.

मामांच्या वहीत लिहिलं: बायकोला सांगितलं, उद्या शुक्रवार, नमाजाच्या आत.

शुक्रवार, ११ ऑगस्ट. चाळिसावा दिवस

सकाळी स्वालेहनं अंघोळ केली. कोम्बोनं दाढी केली, मामांनी स्वतःचा पांढरा पायघोळ झगा, कान्झू दिला. तो दाराच्या बाकावर येऊन बसला, आठ वाजता. हात गुडघ्यांवर. प्रत्येक टुकटुकचा आवाज आला की पाठ सरळ करायचा.

"हलू नकोस, बाळंतीणबाई, टाके तुटतील," कोम्बो म्हणाला.

दहा वाजले. अकरा वाजले. कोम्बोचे विनोद संपले. बारा वाजता मामा मशिदीत जायला निघाले, दारात थांबले, फोन खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. मला वाटलं आता करतात की काय. मामांनी नियम मोडला नाही.

नमाजाहून परतल्यावर त्यांनी स्वालेहच्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरी चाळिशी आजपासून, बाळा. मीही केली होती."

"हो, मामा," स्वालेह म्हणाला. हसला सुद्धा.

मामा वर गेले. आम्ही दोघंच बाकावर. त्यानं विचारलं, "काल तिचं तोंड कसं होतं?"

"नेहमीसारखं."

"काही म्हणाली नाही?"

"नाही."

मग म्हणाला, "ताट आण रे भावा. भूक लागली."

पंधरा दिवसांत त्याला भूक लागली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो. कोम्बो मागच्या अंगणात भांडी घासत होता. मी भात वाढला, तुरी वाढल्या, मासा वाढला. पोटाकडचा तुकडा. मग लिंबू शोधत बसलो. फळी बघितली, टोपली बघितली, पोत्यामागे बघितलं. लिंबू पाटावर समोरच होतं.

बाहेर आलो तर बाक रिकामा.

मी ताट बाकावर ठेवलं आणि शेजारी बसलो. वाटलं, फिरून येईल. समुद्रावर गेला असेल. भात गार झाला, माश्या बसायला लागल्या, तेव्हा वर जाऊन मामांना सांगितलं. मामा चप्पल न घालता धावले.

शनिवार, १२ ऑगस्ट

सकाळी कोळ्यांना सापडला, होड्या दुरुस्त करायच्या छपराखाली. डाव्या कुशीवर. कान्झू काढून, घडी घालून, फळीवर ठेवला होता. मळू नये म्हणून. मामांचा होता ना.

एकच पुडी. मामा म्हणाले तसंच.

जनाजा फेरीनं पलीकडे नेला. लोकांनी आपोआप वाट दिली, गाड्यांचे हॉर्न थांबले. माझा खांदा पुढे डावीकडे होता. त्याचं वजनच नव्हतं. धक्क्याचा चढ जिथे संपतो तिथे मी रोज उभा राहायचो, तिथून जाताना माझा खांदा सरकला, मागच्यानं ओरडून सांभाळलं. लोक म्हणाले, बघा, सख्खा भाऊ रडत नसेल इतका रडतोय.

किबोकोनीत पोचलो तर बी सलामाचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. "शुक्रवारी का गेली नाहीस? चाळिसाव्या दिवशी का गेली नाहीस? माझा मुलगा दारात बसून मेला, आणि तू घरात लेसोला इस्त्री करत होतीस!"



सोमवार, १४ ऑगस्ट

तिसऱ्या दिवसाचं कुराणपठण झालं, कॉफी फिरली, आणि कुणी उठेना. मग बी सलामाच्या भावानं विषय काढला. सून म्हणते, तिला रविवार सांगितला होता. ओमारी म्हणतात, शुक्रवार. मध्ये फक्त एक तोंड होतं.

सगळे माझ्याकडे वळले. ओट्यावर पंचवीसेक पुरुष. आत पडदा, पडद्यामागे बायका. तिमा आता चार महिने दहा दिवस परपुरुषासमोर यायची नाही, पण ती आत आहे हे मला पाठीवरून पाणी जावं तसं कळत होतं.

मामांनी वही काढली. चष्मा लावून वाचलं, "दहा ऑगस्ट. बायकोला सांगितलं, उद्या शुक्रवार, नमाजाच्या आत." वही मिटली. "अक्षर ह्याचं आहे. पण मला अक्षर नको, तोंड हवं. शेकू, काय सांगितलंस तिला?"

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? तो परत येणार नव्हता. मला गल्लीनं जिवंत ठेवलं नसतं. आणि ती? तिनं माझं तोंड आयुष्यात बघितलं नसतं. हे मी ओट्यावर बसून नाही, आत्ता लिहिताना ठरवतोय असं वाटतं. तिथे फक्त जीभ हलली.

"शुक्रवार सांगितला होता."

कोम्बो माझ्या शेजारी बसला होता. तो उठला आणि दोन माणसं सोडून पलीकडे जाऊन बसला.

आतून बी सलामा किंचाळायला लागली होती, तेवढ्यात तिमाचा आवाज आला. रडका नाही. स्वच्छ. धक्क्यावर कुठल्या कुशीवर झोपतो विचारायची तसा.

"शेकू, पुन्हा सांग."

मी मामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. "शुक्रवार सांगितला होता," मी म्हणालो.

"अजून एकदा. तिसऱ्यांदा."

"शुक्रवार सांगितला होता."

"बास," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं. अल्लानंही ऐकलं." मग पडद्याआड कुणी उठून आत गेल्याचा आवाज आला आणि बायकांनी पठण पुन्हा सुरू केलं.

घरी आलो. पुढच्या सोमवारी फाटकावर एक नवीन माणूस सुटतोय, मामा म्हणाले की ते स्वतः जातील, मी यायची गरज नाही. थकलेत, मला विश्रांती द्यायची असेल. वही मात्र त्यांनी परत दिली नाही.

बी सलामा सांगत सुटलीय की सुतक फिटलं की सुनेला दाराबाहेर काढणार. तिला माहेर नाही, गल्लीत आता तिच्याशी कुणी बोलणार नाही. मी हिशोब केला, एकोणीस डिसेंबरला तिचे दिवस भरतात. त्या दिवशी मी जाईन आणि कडी वाजवीन. ह्या वेळी नक्की वाजवीन. तिला दुसरं कुणीच उरलेलं नसेल.

फक्त तिनं तीनदा का विचारलं, ते कळत नाही. पडद्यामुळे नीट ऐकू येत नसेल.